शेडगे सरांची करंगळी

१ जून २०२५, रविवार
हेंद्रेपाडा, बदलापूर

दादा,

‘तीर्थरूप’ वगैरे लिहिणार नाही. दीड वर्षाने मोठा असलेल्या आणि माझ्या ताटातले पापड पळवून वाढलेल्या माणसाला कुणी तीर्थरूप म्हणत नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास तेव्हा मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं असेल, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून कुठल्या फोनमध्ये आलेली नाही. चाकणचा पत्ता आपल्या बॅचच्या अभिजीतने दिला. त्याच्यावर चिडू नकोस, पत्ता सांगितल्याशिवाय मी त्याला आपल्या जिन्यावरून उतरूच देत नव्हते.

शेडगे सर गेले. मंगळवारी सकाळी संस्थेत जायचं म्हणून बूट घालायला बसले आणि तसेच भिंतीला टेकले. विठाकाकू चहा घेऊन आल्या तोवर सगळं संपलं होतं. अठ्ठावन्न पुरे व्हायला थोडेच महिने राहिले होते. मला फोन आला तेव्हा मी कंपनीत टूलरूममध्ये होते, आणि खरं सांगते, मी पहिल्यांदा सुपरवायझरवरच ओरडले, जसं काही त्यानेच काहीतरी केलं होतं. मग स्टोअररूममध्ये जाऊन रडले.

पण हे पत्र रडायला लिहीत नाहीये. आज अंबरनाथला आपल्या आयटीआयच्या पटांगणात शोकसभा होती आणि तिथे जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. पटांगण भरून माणसं. रेल्वेच्या शेडमधले, एमआयडीसीतले, उल्हासनगरचे वर्कशॉपवाले, दोघं तर सुट्टी टाकून थेट नाशिकहून आलेले. सगळे सरांचे फिटर. ट्रस्टचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, सरांचा मोठा फोटो कार्यशाळेत लावू. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून जयदेव उठला. तोच, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये ज्याचं बिजागऱ्यांचं वर्कशॉप आहे, आपल्या बॅचचा, मारामाऱ्या करणारा. म्हणाला, “साहेब, फोटो लावा, बिनधास्त लावा. पण सरांची ही जी बॅच आहे ना, सतरा पोरं, त्यांचं काय? जुलैला ट्रेड टेस्ट आहे. नवीन सर कधी येणार?”

अध्यक्ष म्हणाले, ऑगस्टमध्ये.

“मग फोटो काय कानस धरायला शिकवणार काय यांना?”

शोकसभेत हसू नये हे मला माहीत आहे. पण सगळं पटांगण हसलं, काकूसुद्धा पदराआड हलल्या असं वाटलं. आणि मग दादा, एकेक जण उभा राहून सांगायला लागला. मी सोमवारी येतो. माझी नाईट आहे, मी सकाळी येतो. मी रविवारी दिवसभर येतो. अर्ध्या तासात अख्खा जून भरला. शनिवार माझा. पोरं शेवटच्या रांगेत बसली होती आणि आमच्याकडे बघत होती, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

पाळ्यांमध्ये तुझं नाव मी घातलेलं नाही. घातलं असतं तर तुला राग आला असता. नाही घातलं म्हणूनही येईलच.

तेजल


८ जून, रविवार

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, मी कुठे उत्तरासाठी लिहितेय.

काल माझा पहिला शनिवार झाला. मला वाटलं होतं, टूलरूममध्ये इतकी वर्षं काढली, पोरांना शिकवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. कसलं काय. सतरा व्हाइस, सतरा कानशी, सतरा तऱ्हा. एक जण कानस करवतीसारखी ओढतो. दुसरा इतका हळू घासतो की लोखंडाला झोप लागावी. अर्ध्या तासात माझा घसा बसला. सर दिवसभर करायचे हे आणि संध्याकाळी परत हसत स्टेशनपर्यंत चालत जायचे.

पोरांमध्ये एक मुलगी आहे, पुतळी. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला तिची वाडी आहे, वाडीतली ही पहिलीच आयटीआयला आलेली. तिचा बाप देऊ भातलावणी सोडून तिला पहिल्या दिवशी पोचवायला आला होता म्हणे, आणि सरांनी त्याला कार्यशाळा फिरवून दाखवली. पास झाली तर अंबरनाथलाच एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून घेणार आहेत. नापास झाली तर बापाबरोबर वीटभट्टीवर, हे तिनेच सांगितलं, अगदी सहज, बसचा नंबर सांगावा तसं. हाताला जोर आहे, नजर चांगली आहे. पण घासायचा लोखंडी तुकडा सपाट राहत नाही, जॉब शेवटी कडेला उतरतो. मनगट भरून येतं. म्हणाली, “ताय, पयला तासभर हात माजं आयकतंय, मंग नाय आयकत.”

मी म्हटलं, करंगळी वर कर नीट. तिने केली. सतराच्या सतरा पोरांची करंगळी वर होती, अगदी आपल्यासारखी. कानशीची मूठ तळहातात, अंगठा वर, तीन बोटं आवळलेली आणि करंगळी ताठ बाहेर. शेडगे सरांचा हात. तुला आठवत असेलच. मला तर बघून भरून आलं. अंबरनाथमध्ये कुठल्याही कंपनीत जा, फिटरची करंगळी बघून कळतं, हा आपल्या सरांचा.

तू एकटाच नाही करायचास. पूर्ण मूठ वळायचास, म्हणून जयदेवने तुझं नाव ‘मुठ्या’ ठेवलं होतं. सीनियर पोरं येताजाता तुझ्या डोक्यात टपली मारायची, करंगळी वर घे म्हणून. तू हट्टाने घेतली नाहीस. आणि सर सगळ्यांच्या मागे उभे राहायचे, कोपराला हात लावून सरळ करायचे, पण तुझ्या व्हाइससमोरून नुसतेच पुढे जायचे. एक दिवस तू कानस टाकून घरी आलास आणि बाबांना म्हणालास, मी त्या माणसाला दिसतच नाही, मी उद्यापासून जाणार नाही. मी तेव्हा सरांच्या बाजूने बोलले. आजही बोलेन. तेवढ्यावरून तू चाकण गाठलंस. बाबा गेले तेव्हा आलास, तिसऱ्या दिवशी बॅग उचललीस, माझ्याशी एक शब्द नाही. एवढा राग वर्षानुवर्षं ताजा ठेवायला कष्ट पडत असतील. लोणच्यालाही अधूनमधून तेल घालावं लागतं.

आई विचारते, पत्र पोचलं का. मी सांगते, पोचलं.

तेजल


१५ जून, रविवार

दादा, दादा, दादा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी बस.

काल शनिवार. आम्ही पाच जण होतो, कारण आता ज्याची पाळी नाही तोही येतो. जयदेवने वर्कशॉपला कुलूप लावलं, शेजारचा सिंधी दुकानदार म्हणाला, “साईं, धंदा छोड के मास्तर बन गया क्या?” तर हा म्हणाला, “पार्टटाइम.” पोरांना दाखवायला म्हणून आम्ही पाचही जण मागच्या रिकाम्या व्हाइसवर उभे राहिलो आणि सगळे मिळून बावीस कानशी एकदम चालू झाल्या. तो आवाज तुला ठाऊक आहे. मला तो आवाज कुठल्याही बँडपेक्षा आवडतो.

तेवढ्यात विठाकाकू आल्या. पोरांसाठी शिऱ्याचा डबा घेऊन. सरांच्या कार्यशाळेत त्या आजवर कधी आल्याच नव्हत्या, नवरा जिथे काम करतो तिथे बायकोने काय जायचं म्हणून. त्या दारात उभ्या राहिल्या. आमच्या हातांकडे बघितलं. एकेकाच्या हाताकडे, पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत. आणि हसायला लागल्या.

साधं हसणं नाही. डबा खाली ठेवला, दाराची चौकट धरली, शेवटी स्टुलावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी. आम्ही घाबरलो. अभिजीत पाणी आणायला धावला. मी म्हटलं, काकू, काय झालं?

त्या म्हणाल्या, “अगं, ही सगळी करंगळी का वर करतायत?”

मी अभिमानाने सांगितलं, सरांनी शिकवलंय.

“अगं बाई, ह्यांनी कुठलं शिकवलंय. ह्यांची करंगळी वळतच नव्हती. लग्नाआधी भोसरीला कंपनीत होते ना, तिथं प्रेसमध्ये सापडली. हाड जुळलं पण सांधा गेला तो गेलाच. चहाचा कप धरतानापण ती ताठच.”

दादा, चहाचा कप. आठवतोय का? आपण सगळे म्हणायचो, सर गावाकडचे असले तरी चहा कसा साहेबासारखा पितात. जयदेव तर कॅन्टीनमध्ये नक्कल करायचा. एवढी वर्षं समोर ते बोट बघितलं आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. सत्तावीस बॅचेस. शेकडो फिटर. सगळे एका मोडक्या बोटाची नक्कल करत पोट भरतायत.

जयदेवने स्वतःच्या हाताकडे असं बघितलं जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग म्हणाला, “म्हणजे अपुन लोग सगळे येडे?” आणि मग जे हसणं सुटलं, दादा. पोरं हसतायत, आम्ही हसतोय, काकू हसता हसता रडायला लागल्या आणि मी त्यांना धरलं आणि मीही रडले. पंधरा दिवस त्या माउलीने तोंडात घास नीट घेतला नव्हता. काल आमच्याबरोबर बसून शिरा खाल्ला.

मी विचारलं, मग सर आम्हाला कधी बोलले कसे नाहीत? करंगळी खाली घ्या म्हणून?

काकू म्हणाल्या, “त्यांना वाटायचं ही इकडची तऱ्हा आहे. घरी येऊन म्हणायचे, ह्या भागातली पोरं करंगळी का उचलतात काही कळत नाही, पण जॉब बरा होतोय तर मी कशाला मोडता घालू.”

आता मूळ गोष्ट.

काकू शिऱ्याची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, “एक पोरगा मात्र बरोबर धरायचा म्हणायचे. सगळ्या बॅचेसमध्ये एकच. बदलापूरचा, त्याची बहीणपण वर्गात होती.” त्यांना माहीत नव्हतं ती बहीण त्यांच्यासमोर बसलीय. “म्हणायचे, त्याच्या व्हाइसपाशी मी थांबतच नाही. देवाने दिलेला हात आहे, माझा हात लागून बिघडायला नको. लांबून बघतो. आणि मग एक दिवस तो पोरगा यायचाच बंद झाला. मला कितीदा विचारलंन, तो का गेला असेल गं? मी काय सांगणार.”

दादा, तू त्यांना दिसत होतास. सगळ्यांत जास्त तूच दिसत होतास.

मी सरांच्या बाजूने बोलले होते ते बरोबरच होतं, पण तूही बरोबरच होतास आणि मला हे आजवर माहीत नव्हतं. तुझी मूठ बरोबर होती. जयदेव म्हणाला, “मुठ्याला फोन लाव, मला माफी मागायचीय.” मी सांगितलं, लागत नाही.

तेजल


२४ जून, मंगळवार

दादा,

गेल्या आठवड्यात रोज संध्याकाळी पायऱ्यांवर चपला वाजल्या की मी दार उघडत होते. समोरच्या काकूंना वाटतं मी कुणाच्या प्रेमात पडलेय.

आता ऐक, कामाचं आहे. आम्ही ठरवलं, पोरांचा हात दुरुस्त करायचा. परीक्षेचा जॉब सलग काही तास चालतो, आणि करंगळी बाहेर असली की सगळा भार मनगटावर येतो, शेवटी हात थकून जॉब कडेला उतरतो. म्हणजे पुतळीला जे होत होतं ते तिची चूक नव्हती. उलट मीच तिला ‘करंगळी नीट वर कर’ म्हणून शिकवत होते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

पण दुरुस्त करणार कोण? सांगायला सोपं आहे, मूठ वळा. पोरं म्हणतात, दाखवा. मी मूठ वळून कानस धरली आणि माझा जॉब असा वाकडा झाला की मला लाज वाटली. अभिजीतचा तोच प्रकार. जयदेवने तर करंगळीला चिकटपट्टी बांधून बघितली, तरी कानस चालू झाली की हळूहळू बोट पट्टीसकट वर. आमच्या हाडात गेलंय ते. आम्ही पाच जण आहोत, पन्नास आलो असतो तरी उपयोग नव्हता, कारण सरांकडे शिकलेल्या एकालाही कानस बरोबर धरता येत नाही. तूच आहेस एक.

आणि पोरांची पंचाईत बघ. जुनी पकड आम्ही मोडली, नवी कुणी दाखवत नाही. गेल्या शनिवारी सगळ्यांचे जॉब पहिल्यापेक्षा वाईट झाले. पुतळीने तिचा जॉब काटकोन बघायला गुण्याला लावला, उजेडाकडे धरला, आणि परत व्हाइसच्या जबड्यात आवळला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आपण मदत करायला आलो आणि होतं तेही घालवून बसलो असं मला वाटतंय, आणि ही बॅच बुडाली तर ते सरांच्या नावावर जाईल, आमच्या नाही. परीक्षा अकरा जुलैला आहे.

अभिजीत म्हणतो, महिनाअखेरीस तुमच्या प्लांटला दोन आठवडे शटडाऊन असतो. तू लिहून पाठव, व्हिडिओ पाठव, काहीही कर. पण खरं सांगू, व्हिडिओने होणार नाही. आपणही सरांच्या शब्दांवरून शिकलो नव्हतो, हाताकडे बघून शिकलो होतो, म्हणूनच तर हे रामायण झालं.

माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याशी बोलू पण नकोस, मी शनिवारशिवाय तिथे नसतेच. सतरा पोरांसाठी ये. हे मी मोठ्या मनाने लिहितेय असं समजू नकोस. मला तू हवाच आहेस, रोज हवा आहेस, नऊ वर्षं हवा आहेस, पण ते बाजूला ठेवतेय.

तेजल


५ जुलै, शनिवार
अंबरनाथ, संस्थेचं गेट

दादा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून पत्त्याची गरज नाही. जॉब ड्रॉइंगच्या कागदामागे लिहितेय. पुतळी आणून देईल तुला.

आज सकाळी मी नेहमीसारखी आले. कुणी मला काही सांगितलं नव्हतं. जयदेव आठवडाभर फोनवर नुसता “सब बढिया, सब बढिया” करत होता, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. त्याच्या विठ्ठलवाडीच्या खोलीत कुणी पाहुणा उतरलाय हे त्याच्या बायकोनेही तोंडातून काढलं नाही. तुम्ही सगळे एका माळेचे मणी.

कार्यशाळेच्या दारात आले तर आवाज वेगळा. लांब, सावकाश, एका लयीत. आत डोकावले. सतरा मुठी, दादा. पक्क्या वळलेल्या, एकही करंगळी बाहेर नाही. पुतळीचा जॉब मी दारातून बघितला आणि मला तिथूनच कळलं, तो सपाट आहे. मला वाटलं, वा, अभिजीतला जमलं शेवटी.

मग मी पोरांच्या तोंडांकडे बघितलं.

सतराच्या सतरा पोरांची जीभ बाहेर होती. डाव्या कोपऱ्यातून, एवढीशी, दातात धरलेली. पुतळीची पण. पहिल्या रांगेतला तो दांडगा विकास, त्याची पण. आपली आई सुईत दोरा ओवताना काढते तशी. बाबा तिला चिडवायचे आणि तू गणिताच्या पेपरला बसलास की मी तुला चिडवायचे. माझी नाही निघत, मी बाबांवर गेलेय. अख्ख्या अंबरनाथ-बदलापुरात अशी जीभ काढून काम करणारी दोनच माणसं आहेत, आणि त्यातलं एक या वेळी घरी तांदूळ निवडत बसलेलं आहे.

तू दिसलास ते नंतर. पाठमोरा. एका पोराच्या मागे उभा राहून त्याच्या कोपराला हात लावत होतास. थोडा जाड झालायस. मी आत आले नाही. मी बोलायचं नाही असं लिहून दिलंय आणि मी शब्दाची पक्की आहे, शिवाय आत आले असते तर पोरांसमोर रडले असते आणि तो शनिवार वाया गेला असता. सहा दिवसांवर परीक्षा आहे.

त्या जिभेचं त्यांना काही सांगू नकोस. त्यांना वाटतंय कानस अशीच चालवायची असते. परीक्षकाला हसायचं तर हसू दे, मार्क जॉबला आहेत.

आईला मी फोन केला. तू आलायस हे नाही सांगितलं, तेवढा मान तुझा तू घे. भात जरा जास्त टाक एवढंच म्हटलं. ती म्हणाली, कोण येतंय? मी म्हटलं, बघू.

पाच वाजता सुटेल तुझा वर्ग. तेव्हा तू मागच्या गेटने सटकायचा विचार करशील, मी ओळखते तुला. पण ते गेट दोन वर्षांपूर्वी भिंत घालून बुजवलं. आता बाहेर जायचं तर याच गेटमधून, माझ्यासमोरून. मी इथे वॉचमनच्या बाकावर बसलेय.

तेजल